‘ई.एफ. चांगला आहे, मग ऑपरेशन कशाला?’

हैदराबादच्या एका रुग्णालयात, हृदयाचं ऑपरेशन झालेल्या लहान मुलांच्या आयसीयूत मी सिस्टर होते. आता आदिलाबादजवळच्या मावल्यात घरीच असते. आदिलाबादहून, जैनथ-बेल्याहून, कधी पैनगंगेपलीकडूनही लोक लेकराचा एको (हृदयाच्या सोनोग्राफीचा) रिपोर्ट घेऊन येतात आणि कागदावरच्या एका आकड्यावर बोट ठेवून वरचाच प्रश्न विचारतात. त्यांना जे सांगते, ते इथं लिहिते आहे.

१. आधी लेकराकडे पाहायचं, कागदाकडे मागून.
दूध पिताना बाळ दर चार घोटांनी थांबतं का? पिताना कपाळावर घाम येतो का? वजन महिनोन् महिने तिथंच अडकलंय का? बाळ झोपलेलं असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत साठ, वर्षापर्यंत पन्नास, पाच वर्षांपर्यंत चाळीस किंवा त्याहून जास्त भरले, तर श्वास जलद आहे. हृदय थकतंय याच्या खुणा आईला मशीनच्या आधी दिसतात. पण ‘बाकी काही नाही, दूधच कमी पितो’ म्हणून ती गप्प बसते. ताई, डॉक्टरांना हेच आधी सांगा.

२. ई.एफ. हा आकडा खोटा नाही, पण अपुरा आहे.
डावा कप्पा एका ठोक्याला आपल्यातलं किती टक्के रक्त बाहेर टाकतो, ते ई.एफ. सांगतो. ५५ ते ७० म्हणजे साधारण ठीक. मात्र ते रक्त गेलं कुठं, हे तो सांगत नाही. खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला मोठं छिद्र असेल (डॉक्टर व्ही.एस.डी. म्हणतात), तर बरंचसं रक्त शरीराकडे न जाता फुप्फुसांकडे वळतं. विहिरीवरच्या मोटरचा पाइप मध्येच फुटला तर मोटर जोरात चालते, पाणीही भरपूर फेकते, शेताच्या टोकाला मात्र धार पोचत नाही, तसंच हे. रिपोर्टवर ६८ असतं आणि बाळ सुकत जातं.
याची दुसरी बाजूही आईवडिलांना आधीच ठाऊक हवी. छिद्र बंद केल्यावर सगळं रक्त शरीराकडेच ढकलायचं असतं. तो भार अंगवळणी पडेपर्यंत ई.एफ. काही काळ खाली येऊ शकतो. ‘आधी ६८ होता, ऑपरेशननंतर ५० झाला, बिघडवलं’ असं म्हणत एक बाप आयसीयूच्या दारात रडत होते. त्या मुलाचे पाय गरम होते, लघवी भरपूर होत होती. हा उतार अपेक्षितच होता, पण ऑपरेशनच्या आधी त्यांना कुणीच ते सांगितलं नव्हतं.
फॅलोच्या आजारात (जन्मतःच पडद्याला छिद्र आणि फुप्फुसाकडची वाट अरुंद) तर मुख्य ताण उजव्या कप्प्यावर असतो. तिथं डाव्या बाजूचा ई.एफ. पाहून निश्चिंत होण्यात अर्थ नाही. उजव्या बाजूची झडप ठोक्यागणिक किती सरकते, त्या कप्प्यात दाब किती, हे वेगळं पाहावं लागतं.

३. एको रडत्या बाळाचा नीट होत नाही.
बाळ रडलं की ठोके वाढतात, फुप्फुसातला दाब बदलतो आणि मोजमाप फसतं. म्हणून गरज पडली तर झोपेचं औषध देतात. ते रुग्णालयातच, वजन करून, डॉक्टरांच्या देखरेखीत द्यायचं. घरून पाजून आणायचं नाही. किती वेळ उपाशी ठेवायचं, तेही आधी विचारून घ्यावं. मावल्याहून हैदराबाद ४४ नंबरच्या हमरस्त्यानं सुमारे ३०० किलोमीटर आहे. रात्रभर प्रवास करून आलेलं भुकेलं लेकरू शांत राहीलच कसं? फॅलोचं बाळ रडता रडता निळं पडू लागलं, तर त्याचे गुडघे छातीशी दाबून धरा आणि लगेच आवाज द्या.

४. छाती बंद करण्याआधीही एक तपासणी असते.
अन्ननलिकेतून बारीक नळी घालून टेबलावरच एको करतात. छिद्र राहिलं का, झडप गळते का, कप्पे आकुंचन पावतात का, ते तिथंच कळतं. कधी त्यासाठी पुन्हा टाके उसवावे लागतात. ऑपरेशन लांबलं म्हणजे वाईटच झालं, असं बाहेर बसून धरून चालू नका.

५. पहिली रात्र सर्वांत मोठी.
ऑपरेशननंतर साधारण सहा ते अठरा तासांत हृदयाचा जोर सर्वांत खाली जातो. त्या तासांत आमचं मोजमाप एकोपुरतं नसायचं. मी बाळाच्या अंगठ्यावर बोट दाबून सोडायची. पांढरा पडलेला भाग दोनेक सेकंदांत गुलाबी व्हायला हवा. मग तळपाय, घोटा, गुडघा अशी हात फिरवत थंडी कुठपर्यंत चढली ते बघायची. लघवीच्या पिशवीतलं माप दर तासाला. किलोमागे एक मिलिलिटर तरी हवं. रक्तातलं लॅक्टेट (अंगाला रक्त कमी पोचलं की वाढतं ते) चढतंय की उतरतंय, हे एका आकड्यावरून नाही, तर ओळीनं लिहिलेल्या आकड्यांवरून कळायचं. ब्लड प्रेशर बराच वेळ धरून राहतं. ते घसरण्याआधीच पाय थंड पडतात.

६. पैशापायी उशीर नको.
राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत आणि सरकारी शाळेत येतं. त्यांच्याकडून किंवा आदिलाबादच्या रिम्स या सरकारी रुग्णालयातून चिठ्ठी घ्या. मोफत उपचारासाठी तेलंगणात आरोग्यश्री आहे, २००७ पासूनची; पलीकडे यवतमाळ-नांदेडला महात्मा फुले योजना. बाळंतपण माहेरी आणि कार्ड सासरचं, असं आपल्या सीमेवर फार होतं, म्हणून निघण्याआधी कागद जुळवा. नवा रायपूरच्या सत्य साई संजीवनी या लेकरांच्या हृदयाच्या रुग्णालयात तर बिलाचा काउंटरच नाही.

७. टाके सुकले म्हणजे काम संपलं नाही.
फॅलोच्या ऑपरेशननंतर फुप्फुसाकडची झडप अनेकदा गळत राहते. मूल खेळतं, शाळेत जातं, आणि उजवा कप्पा वर्षानुवर्षं हळूहळू ताणला जातो. त्याचा आकार असा वेडावाकडा की एकोत पुरता सापडत नाही. मोठ्या मुलांना एम.आर.आय. लागतो. आपल्याकडे इथंच घात होतो. ‘चांगली धावते, आता कशाला हैदराबाद?’ म्हणून पोरी दहा-दहा वर्षं दाखवलेल्या नसतात, आणि लग्न ठरलं की जुनी चिठ्ठी शोधायला लागतात.

तेव्हा पहिल्या एकोपासून डिस्चार्जपर्यंतचे सगळे कागद एकाच फाइलीत ठेवा आणि प्रत्येक तपासणीला तीच फाइल न्या. डॉक्टरांनी दिलेली पुढची तारीख, लेकरू कितीही ठणठणीत दिसलं तरी, चुकवू नका.