मुलांना बोलते करणे : प्राथमिक शिक्षणाचे एक दुर्लक्षित अंग

शांत वर्ग हा शिस्तीचा पुरावा मानण्याची आपल्याकडे जुनी रीत आहे. तपासणीसाठी आलेल्या अधिकाऱ्यांनाही असा वर्ग सुखावतो. परंतु ही शांतता एकाग्रतेची आहे की भीतीची, हे पाहणे अगत्याचे असते. वाचन व गणित यांप्रमाणेच आपले मन शब्दांत मांडणे, दुसऱ्याचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकणे आणि भांडण बोलून मिटविणे या गोष्टीही शिकाव्या लागतात. त्या शिकविण्याचे योग्य स्थान म्हणजे पहिली ते चौथीचे वर्ग होत.

कोल्हापूरचा वारसा

राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचे करून बहुजनसमाजाच्या मुलांना शाळेचे दार उघडून दिले. त्या शाळेत मुलाला मोकळेपणाने बोलता यावे, हा त्यापुढील टप्पा होय. याच शहरात श्रीमती लीलाताई पाटील यांनी १९८५ मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केले. शिक्षक-प्रशिक्षणाच्या क्षेत्रात दीर्घकाळ काम केल्यावर त्यांनी प्रयोगासाठी प्राथमिक शाळाच निवडली. मुलांचे अनुभव, त्यांचा परिसर आणि त्यांची अभिव्यक्ती यांना त्यांनी अध्यापनात मानाचे स्थान दिले. २०२० मध्ये लीलाताईंचे निधन झाले; त्यांची ही दृष्टी मात्र कोणत्याही खेड्यातील शाळेस खर्चावाचून स्वीकारता येण्याजोगी आहे.

घरची बोली

कोल्हापूरकडील अनेक मुली घरच्या रीतीप्रमाणे स्वतःविषयी 'मी आलो', 'मी जातो' असे बोलतात. पहिल्याच वाक्याला त्यांना टोकले, तर चूक सुधारण्याऐवजी त्या बोलणेच थांबवितात. आधी मुलीचे म्हणणे पूर्ण ऐकावे. मग 'मीही आज लवकर आले' असे बाईंच्या उत्तरातून प्रमाणरूप सहज कानी पडू द्यावे. सीमाभागातील कन्नडभाषक मूल किंवा ऊसतोडणीच्या हंगामात पालकांसोबत आलेले मूल यांच्याबाबतही हेच धोरण हितावह ठरते.

वर्गातील रीत

दररोज पंधरा मिनिटे मुलांना गोलाकार बसवावे. एकाने बोलावे, दुसऱ्याने त्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगून मग स्वतःचे सांगावे. यामुळे ऐकणे हेही काम आहे, हे मुलांना उमगते. ज्यास बोलावयाचे नसेल, त्यास पाळी पुढे देण्याची मुभा असावी. 'काल पाऊस पडला का?' यापेक्षा 'पाऊस आला तेव्हा घरात काय धांदल उडाली?' हा प्रश्न अधिक बोलते करतो. प्रश्नानंतर शिक्षकांनी थोडे थांबावे. संकोची मुलास शब्द जुळविण्यास वेळ लागतो.

पेन्सिलीवरून भांडण झाले, की घाईने माफी मागावयास लावू नये. काय घडले, तुला काय वाटले, त्याला काय वाटले असेल, आता काय करावे, हे चार प्रश्न दोघांनाही विचारावेत.

ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोळ, करवीर आदी तालुक्यांतील अनेक कुटुंबांना घरे सोडावी लागली. अशा प्रसंगातून गेलेल्या मुलास 'भिऊ नकोस' एवढेच सांगून विषय संपवू नये. त्याला चित्र काढू द्यावे, हवे तेव्हा सांगू द्यावे. मात्र सांगण्याची सक्ती करू नये. बोलून दाखविलेली भीती हळूहळू हलकी होते.

सर्वांचे दायित्व

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षण हक्काच्या २००९ च्या अधिनियमातील कलम १७ ने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली आहे. अभ्यासक्रमाने मुलास भयमुक्त करावे व आपले मत मोकळेपणाने मांडण्यास साहाय्य करावे, अशी अपेक्षा कलम २९ मध्ये आहे. शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. त्यांनी व पंचायत सदस्यांनी इमारत आणि पोषण आहाराइतकेच या बाबीकडेही लक्ष द्यावे. शाळेस भेट देताना मुलांना पाढे जरूर विचारावेत. पण त्याचबरोबर 'आज वर्गात तू काय विचारलेस?' असेही विचारावे. त्याचे उत्तर मुले न बिचकता देऊ लागली, म्हणजे शाळा योग्य मार्गावर आहे असे खुशाल समजावे.