तुक्क्याचा भाव

प्रश्न : मुलगी बारावी सायन्सला आहे. सीईटीच्या क्लासचे सर म्हणतात, एकही प्रश्न कोरा सोडायचा नाही, येत नसेल तर काहीतरी ठोकून द्या. जेईईचे सर म्हणतात, खात्री नसेल तर प्रश्नाला हात लावू नका. दोघेही शिकवतात गणितच. खरं कोणाचं मानायचं?
– एक पालक, सांगली

उत्तर : सीईटीच्या सरांचं पूर्ण खरं, जेईईच्या सरांचं अर्धं.

एमएचटी-सीईटीत गणिताचे 50 प्रश्न, प्रत्येकाला 2 गुण आणि चुकीला शून्य. न सोडवलेल्या प्रश्नालाही शून्यच. म्हणजे चुकलं काय नि सोडलं काय, हिशेब एकच. चार पर्यायांतला एक डोळे मिटून निवडला तरी चारांत एकदा लागण्याची शक्यता आहे, आणि ती फुकट मिळते. अशा परीक्षेत प्रश्न कोरा ठेवणं म्हणजे निव्वळ नुकसान. शेवटची दोन मिनिटं त्यासाठीच राखून ठेवायला मुलीला सांगा.

जेईई मेनमध्ये बरोबर उत्तराला 4 मिळतात, चुकीला 1 जातो. हा वजा गुण शिक्षा वाटतो, पण परीक्षा घेणाऱ्याचा उद्देश वेगळा असतो. काहीच न येणाऱ्याला अंदाजपंचे उत्तरांतून सरासरीने काही मिळू नये, एवढंच त्याला हवं असतं. अमेरिकेतल्या सॅट परीक्षेत पूर्वी पाच पर्याय असत आणि चुकीला पाव गुण कापला जाई. पाच तुक्क्यांत एक लागला तर 1 गुण आला, चार चुकले तर पाव-पाव करून 1 गेला, हाती शून्य. चोख हिशेब होता. मार्च 2016 पासून सॅटने ही कपातच काढून टाकली आणि पर्यायही चार केले.

आता हाच हिशेब जेईईला लावून बघा. चार प्रश्नांवर आंधळा तुक्का मारला तर सरासरीने एक लागतो, 4 गुण येतात. तीन चुकतात, 3 जातात. शिल्लक 1. म्हणजे एका तुक्क्याचा भाव पाव गुण, आणि तोही अधिक बाजूला! तो शून्यावर आणायचा तर चुकीला 1 नव्हे, एक पूर्णांक एक तृतीयांश गुण कापावा लागला असता. एक पर्याय नक्की चुकीचा आहे असं कळलं तर तुक्क्याचा भाव सुमारे 0.67 होतो, दोन बाद केले तर दीड. दोन पर्याय खात्रीने खोडलेला प्रश्न सोडून देणं मला तरी पटत नाही.

मग जेईईच्या सरांचं अर्धं तरी खरं कसं? सरासरी ही हजारो तुक्क्यांची असते, तुमच्या मुलीचा पेपर एकच. तिने दहा प्रश्न डोळे मिटून ठोकले, तर गुण कमी होण्याची शक्यता 24 टक्क्यांच्या आसपास, जिथल्या तिथे राहण्याची 28, आणि वाढण्याची 47. अडीच गुणांच्या सरासरी फायद्यासाठी हा जुगार खेळायचा का, हे ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. गणिताच्या पेपरातले चुकीचे पर्याय आकाशातून पडत नाहीत. मुलं कुठे घसरतात हे ओळखून ते बेतलेले असतात. उणे 1 ते 1 या मर्यादांत |x| चं संकलन करायचं आहे, समजा. उत्तर 1. पण पर्यायांत 0 असणार, मापांक विसरून सरळ x चं संकलन करणाऱ्यासाठी. एक द्वितीयांश असणार, अर्धाच भाग मोजून थांबणाऱ्यासाठी. आपण काढलेलं उत्तर समोर छापलेलं दिसलं की मुलगा खूश होऊन पुढे जातो, आणि तिथेच फसतो. अशा वेळी अर्धवट आठवणीवर निवडलेलं उत्तर आंधळ्या तुक्क्याहूनही वाईट ठरू शकतं, कारण आंधळ्याला चारांत एक संधी तरी असते. तेव्हा पर्याय खोडायचा तो कारण सांगता येत असेल तरच. ‘हे वाटत नाही बुवा’ हे कारण नव्हे.

जेईईत गणिताचे पाच प्रश्न पर्यायांविना असतात, उत्तराची संख्या टाइप करायची असते. तिथेही चुकीला 1 वजा आहे आणि तुक्क्याला जवळजवळ वावच नाही. तिथे मात्र जेईईच्या सरांचं निमूट ऐकावं.

जाता जाता, मला आवडलेली एक पद्धत. अमेरिकेत शाळकरी मुलांसाठी एएमसी 12 ही गणिताची स्पर्धा होते. 25 प्रश्न, पाच पर्याय. बरोबरला 6, चुकीला शून्य, आणि कोऱ्या ठेवलेल्या प्रश्नाला दीड गुण! आंधळ्या तुक्क्याची सरासरी 1.2, म्हणजे गप्प बसणं फायद्याचं. एक पर्याय खोडला की बरोबरी होते, दोन खोडले की तुक्क्याचा भाव 2 वर जातो. ‘येत नाही’ हे कबूल करण्याला तिथे गुण आहेत.

प्रश्न : जेईई मेनमध्ये मित्राला माझ्यापेक्षा कमी गुण पडले, तरी त्याचं पर्सेंटाइल माझ्याहून जास्त आलं. हे कसं?
– एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : तुमची सत्रं वेगळी असणार. प्रत्येक सत्राचा पेपर निराळा, कुठे सोपा कुठे अवघड, म्हणून गुणांची थेट तुलना होत नाही. तुमच्याच सत्रातल्या किती टक्के मुलांना तुमच्याइतके किंवा तुमच्याहून कमी गुण आहेत, ते तुमचं पर्सेंटाइल. समजा, सत्रात 50,000 मुलं बसली आणि त्यांतली 47,500 तुमच्या गुणांपर्यंत किंवा त्याखाली आहेत, तर तुम्ही 95 वर. मग गुण 300 पैकी 180 असोत की 140. सत्रात पहिला आलेला नेहमी 100 वरच असतो, त्याचे दहा प्रश्न चुकले असले तरी.

हा आकडा दशांशानंतर सात स्थळांपर्यंत काढतात. तरीही दोघांची बरोबरी झालीच तर आधी गणिताचं पर्सेंटाइल बघतात, मग भौतिकशास्त्राचं, मग रसायनशास्त्राचं. त्यानंतरही सुटलं नाही, तर चुकीच्या उत्तरांचं बरोबर उत्तरांशी प्रमाण ज्याचं कमी तो वरचढ. सांगलीच्या पालकांनी हेही मुलीच्या कानावर घालावं.