आई आणि धावपटू

ॲलिसन फेलिक्स ही अमेरिकेची प्रसिद्ध धावपटू. नोव्हेंबर २०१८ मध्ये तिला मुलगी झाली. बाळ वेळेआधी जन्मले, म्हणून त्याला दवाखान्यात ठेवावे लागले. ॲलिसन बाळाची काळजी घेई आणि सरावही करी.

तिचा नायकी कंपनीशी करार होता. बाळंतपणानंतर काही महिने वेग कमी झाला, तरी पैसे कापू नयेत, अशी तिची मागणी होती. कंपनीने ती मान्य केली नाही. मे २०१९ मध्ये ॲलिसनने वर्तमानपत्रात लेख लिहिला. इतर खेळाडू माताही बोलल्या. ऑगस्टमध्ये कंपनीने नियम बदलला. गरोदरपण व बाळंतपणाच्या १८ महिन्यांत पैसे कापायचे नाहीत, असे ठरले.

२०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये तिने एक सुवर्ण व एक कांस्यपदक जिंकले.

प्रश्न : ॲलिसनच्या लढ्याचा फायदा कोणाला झाला?