जतन केलेले सत्र आणि जुन्या सेटिंगचे परतणे

प्रश्न : विम या टेक्स्ट एडिटरच्या विमआरसी फाइलमध्ये टॅबची रुंदी 4 वरून 2 केली, तरी जतन केलेले सत्र उघडताच ती पुन्हा 4 का होते?

उत्तर : याचे कारण दोन फाइली वाचल्या जाण्याच्या क्रमात आहे. सुरू होताना विम प्रथम विमआरसी, म्हणजे कायमच्या सेटिंगची फाइल, वाचतो आणि त्यानंतर सत्राची फाइल, म्हणजे उघड्या फाइली, विंडोंची मांडणी व चालू फोल्डर यांची आज्ञांच्या रूपातील नोंद, अमलात आणतो. या नोंदीत मुळातच त्या वेळची सेटिंगही साठवली जात असल्याने नंतर वाचलेले जुने मूल्य नव्या मूल्यावर मात करते. यावर उपाय म्हणून विमआरसीत ‘सेट सेशनऑप्शन्स-=ऑप्शन्स’ ही ओळ घालावी, विम नव्याने सुरू करून सत्र उघडावे आणि ‘एमकेसेशन!’ या आज्ञेने ते पुन्हा जतन करावे. यातील उद्गारचिन्हाशिवाय जुनी फाइल बदलली जात नाही. पुढच्या वेळेपासून रुंदी विमआरसीनुसारच राहील. मात्र केलेले बदल मागे घेण्याचा इतिहास सत्रात साठवला जात नाही, त्यासाठी ‘अनडूफाइल’ ही सेटिंग स्वतंत्रपणे सुरू करावी लागते.