आचारीमामांचा ऱ

मी कऱ्हाडचा, सातारा जिल्ह्यातला; शिकायला सांगलीत. मेसची नोटीस मीच टाइप केली होती : 'उरलेले पैसे आचार्यांना द्यावेत.' पोरं खिदळत सरांच्या केबिनबाहेर, आणि आमच्या आचारीमामांचे पैसे दोन दिवस रखडले! हवं होतं 'आचाऱ्यांना'.

रफार दिला की आधीच्या अक्षरावर आघात येतो : दर्या म्हणजे समुद्र. अर्धा ऱ दिला की येत नाही : दऱ्या डोंगरातल्या. नेपाळीतही हा अर्धा ऱ लिहितात.

इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट धरून र ची कळ दाबा, म्हणजे नुक्त्याचा ऱ उमटतो. मग हलन्त, मग य. युनिकोडमध्ये त्याला ०९३१ हा वेगळा क्रमांकच आहे.

नोटीस बदलली. मामा एवढंच म्हणाले, "बाळा, आता माझं नाव बरोबर लिहिलंस."