व्यसन आणि नेम

'व्यसन' या शब्दात 'वि' हा उपसर्ग आणि 'अस्' म्हणजे फेकणे हा धातू आहे. जे माणसाला त्याच्या हितापासून दूर फेकते ते व्यसन. तेव्हा वस्तू कोणती हा प्रश्न दुसरा. तिने आपल्याला कोठून उचलून कोठे टाकले हा पहिला. आजच्या पाठात हीच कसोटी इंटरनेटला लावून पाहू.

गेल्या चातुर्मासात शहादे तालुक्यात आमचे कीर्तन झाले. विषय दारू-गुटख्याचा होता. कीर्तन आटोपल्यावर अक्राणीकडचा एक कॉलेजातला मुलगा पाया पडून म्हणाला, "महाराज, माळ घातली की दारू सोडता येते. मोबाइल कसा सोडू? परीक्षेचा अर्ज त्यात, शिष्यवृत्तीचा अर्ज त्यात. तो सोडला तर कॉलेजच सुटेल." रात्रीचे दोन वाजतात, सकाळचा तास बुडतो, असे तो सांगत होता. "नाम घे बाळा," एवढे बोलून आम्ही वेळ मारून नेली. खरे सांगायचे तर तेव्हा आमचेही तेच चालले होते. मोबाइलवर कीर्तने ऐकता ऐकता बारा वाजत आणि पहाटे काकड्याला डोळा उघडत नसे. विषय भगवंताचा होता; पण झोप गेली ती गेलीच की!

आता बघा, या मुलांचा दोष तरी किती? सातपुड्याच्या पाड्यांवरून ती शिकायला शहादे, तळोदे, नंदुरबारला येतात. वसतिगृहात रात्री 'नीज आता' म्हणणारी आई नसते. २०१६ साली जिओ आले आणि डेटा स्वस्त झाला. २०२० च्या टाळेबंदीत तर वर्गच मोबाइलवर भरले. पाड्यावर रेंज नाही म्हणून मुले टेकडीवर जाऊन बसत. म्हणजे हे यंत्र आपणच विद्येसाठी त्यांच्या हाती दिले.

बोट थांबत का नाही, तेही ध्यानी घ्यावे. पुढचे चित्र गोड निघेल की फिके हे ठाऊक नसते, म्हणून पुढचे पाहावेसे वाटते. जुगाराच्या फाशाचे बळ हेच. शिवाय पोथीला अध्याय संपतो, कीर्तनाची आरती होते. याला शेवटच ठेवलेला नाही. शेवट आपणच करावा लागतो.

चरकाचार्यांनी शरीराचे तीन उपस्तंभ सांगितले: आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य. पैकी पहिले दोन येथे थेट हलतात. रात्री डोळ्यांवर उजेड पडला की झोप आणणारा मेलाटोनिन हा स्राव मंदावतो. अठरा ते पंचवीस वर्षांच्या मुलांना ७ ते ९ तास झोप लागते. दोन वाजता निजून सहाला उठणाऱ्याला ती मिळावी कशी? मग सकाळची भाकरी राहते, चालणे राहते, पाणी पिण्याचेही भान राहत नाही. आपल्या जिल्ह्यात सिकलसेलचे रुग्ण पुष्कळ. त्यांना पाणी कमी पडले, शरीर फार थकले, तर असह्य वेदना उठू शकतात. अशा मुलाचे जागरण ही नुसती वाईट खोड म्हणून सोडून देता येत नाही.

तथापि मोबाइल पाहणारा प्रत्येक जण रोगी, असे म्हणू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगसूचीत, जी २०२२ पासून लागू आहे, 'गेमिंग'चा विकार घेतला आहे. सरसकट इंटरनेट घेतलेले नाही. त्या विकाराची लक्षणे तीन: आवर राहत नाही, इतर सर्व कामे मागे पडतात, आणि नुकसान दिसत असूनही सुटत नाही. हे साधारण वर्षभर चालले तर वैद्याने त्याला विकार म्हणावे.

आता त्या मुलाचे उत्तर. दारूला त्याग हाच उपाय. पण अन्नाचा कोणी कायमचा त्याग करतो काय? अन्नाला वेळ असते, माप असते, एकादशी असते. मोबाइल दारूसारखा धरला की आपण हरतो. अन्नासारखा धरला की नेम बसतो. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून हेच करून पाहिले. सायंकाळी ७ वाजता भोंगा वाजला की घरोघरचे मोबाइल आणि टीव्ही बंद, ८.३० पर्यंत अभ्यास, वाचन, बोलणे. एकट्याला जड जाणारा नेम गावाने मिळून धरला. वारी तरी एकट्याने कोण चालतो?

तेव्हा एक महिना चार नेम धरावेत. रात्री दहानंतर मोबाइल उशाशी नको, दुसऱ्या भिंतीला ठेवावा. गजरासाठी साधे घड्याळ घ्यावे. जेवताना तो हाती नको. रोज अर्धा तास झपझप चालावे. आणि खोलीतल्या दोघातिघांनी हे मिळून करावे. एखादे दिवशी नेम मोडला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा धरावा. खंत करीत बसू नये. एवढे करूनही आवरत नसेल, मन खिन्न राहत असेल, तर लाज न धरता सरकारच्या 'टेलिमानस'ला १४४१६ वर बोलावे. पैसे लागत नाहीत.

आम्ही स्वतः आता मोबाइल माजघरात ठेवून निजतो. त्या मुलाला त्या रात्री द्यायचे राहिलेले उत्तर ते हेच. कोणा वाचकाच्या घरी तसा मुलगा असेल, तर त्याला वाचून दाखवावे. आणि आधी स्वतःचा मोबाइल बाजूला ठेवावा.