उत्तर परत आलं पाहिजे

मावशी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत होती आणि केंद्रप्रमुख म्हणून निवृत्त झाली. मी यंदा डोंगराळ भागातल्या एका दोनशिक्षकी शाळेत शिक्षणसेवक म्हणून रुजू झाले. शाळेत भिंतीवर मोठा टीव्ही आहे, कपाटात टॅब आहेत, पालकांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. यातलं काय आणि कसं वापरायचं, हे विचारायला मी तिच्याकडे गेले. ते बोलणं इथे देते आहे, कारण माझ्यासारखे नव्याने रुजू झालेले बरेच जण आहेत.

मी : मावशी, सुरुवात कशाने करू? टीव्हीने की टॅबने?

मावशी : ते नंतर. आधी मला सांग, यातल्या कुठल्या वस्तूतून मुलाचं म्हणणं तुझ्यापर्यंत पोचतं?

मी : टीव्हीतून नाही पोचत. टॅबवर मुलं उत्तरावर बोट ठेवतात. ग्रुपवर पालक अंगठा दाखवतात.

मावशी : म्हणजे बोलणं सगळं एका बाजूचं. हा प्रश्न आजचा नाही गं. १ ऑगस्ट १९७५ ला आपल्याकडे ‘साइट’ नावाचा प्रयोग सुरू झाला. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता. सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० गावांत त्यावरून टीव्हीचे कार्यक्रम थेट उतरायचे. महाराष्ट्र त्यात नव्हता, पण आपल्या सोलापूरच्या शेजारचे विजापूर, गुलबर्गा हे भाग होते. खुराड्याला मारतात तसल्या जाळीची तीन मीटरची अँटेना गावात उभी करायची. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी.

मी : वीज नसलेल्या गावांतसुद्धा?

मावशी : काही ठिकाणी बॅटरीवर. त्या वेळच्या मानाने अचाट काम होतं ते, आणि मला त्या लोकांबद्दल फार आदर आहे. पण मुलाने हात वर केला तर पडद्यावरच्या बाईंना तो कसा दिसणार? आखणाऱ्यांनाही हे कळत होतं. म्हणून त्याच प्रयोगात सुमारे ५०,००० प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकवायचं प्रशिक्षण दिलं गेलं, आणि तेही नुसत्या टीव्हीवरून नाही. जोडीला रेडिओ, छापील साहित्य आणि समोरासमोर चर्चा. पडदा सांगून गेला की मुलांचे प्रश्न घ्यायला वर्गात माणूस हवाच.

मी : आपल्याकडे मग बालचित्रवाणी आली ना?

मावशी : हो, १९८४ मध्ये पुण्यात. दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम लागायचे. २०१७ मध्ये ती बंद झाली, त्याचं मला अजून वाईट वाटतं. मराठी मुलांसाठी मराठीत विचार करून कार्यक्रम करणारी ती सरकारी संस्था होती. अडचण एकच, कार्यक्रम त्याच्या वेळेला लागणार. वर्गात तेव्हा गणित चालू असलं तरी. वीज गेली की तो धडा गेलाच.

मी : आता तसं नाही. व्हिडिओ केव्हाही लावता येतो.

मावशी : लावता येतो त्यापेक्षा थांबवता येतो, हे मोठं आहे. समज, बी रुजण्याचा व्हिडिओ आहे. तो सलग दाखवलास तर मुलं गप्प बसून बघतील. आधी मूळ येतं की कोंब, हे दिसायच्या जरा आधी थांबव. पाटीवर चित्र काढायला सांग. मग पुढचा भाग. ज्यांनी कोंब आधी काढला, ती मुलं मूळ बाहेर आलेलं बघून भांडायला लागतात, ‘आमच्या मटकीला असं होत नाही.’ लगेच घरून मोड आलेली मटकी मागव. एका दिवसात चार धडे दाखवून झाले असं सांगणाऱ्यापेक्षा एकाच व्हिडिओवर अख्खी सकाळ घालवणारा शिक्षक मला जवळचा वाटतो.

मी : तू स्वतः हे सगळं शिकलीस कधी? तुझ्या डी.एड.ला तर नसणार.

मावशी : डी.एड.ला खडू-फळा आणि शैक्षणिक साहित्य. पुढे एमएस-सीआयटी करावी लागली. तेव्हा नुसतं मराठी टाइप करणं हाच डोंगर होता. आम्ही टाइप केलेली माहिती तालुक्याला उघडली की तिथे सगळी इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसायची.

मी : का?

मावशी : हे नीट समजून घे, कारण जुन्या फायली आजही कपाटांतून निघतात. त्या वेळच्या बहुतेक मराठी फॉन्टमध्ये संगणकाला ‘क’ माहीतच नव्हता. त्याच्या लेखी ते एखादं इंग्रजी अक्षर, फॉन्टने फक्त वरून मराठी आकार चढवलेला. दुसऱ्या यंत्रावर तो फॉन्ट नसला की आकार उतरला आणि आतलं इंग्रजी अक्षर उघडं पडलं. युनिकोडने प्रत्येक अक्षराला कायमचा स्वतःचा क्रमांक दिला. ‘क’चा ०९१५. आता फॉन्ट कुठलाही असो, यंत्र कुठलंही असो, तो क्रमांक म्हणजे ‘क’च. तुझ्या फोनवरून जाणारी सूचना पालकांना मराठीत वाचता येते ती यामुळे.

मी : पण एसएमएसच्या काळात तर सगळे इंग्रजी अक्षरांतच मराठी लिहायचे.

मावशी : त्यालाही कारण होतं. एका एसएमएसमध्ये १,१२० बिट मावतात. इंग्रजीच्या अक्षराला ७ बिट लागतात, म्हणून १६० अक्षरं. देवनागरी आली की प्रत्येकाला १६ बिट, म्हणजे फक्त ७०. त्यात काना, मात्रा, वेलांटी वेगळी मोजली जाते. ‘शाळा’ लिहिलं की चार गेले. पालकसभेची साधी सूचना दोन संदेशांत तुटायची आणि पैसे दोनाचे पडायचे. आमच्या वस्तीवरच्या आयांना मराठी वाचता यायचं, पण इंग्रजी अक्षरांतलं मराठी नाही. सूचना पोचायची आणि सभेला कोणी यायचं नाही. मग काही जण म्हणायचे, पालकांना आस्था नाही. मला ते फार लागायचं.

मी : पुस्तकातल्या क्यूआर कोडचं काय? माझ्या वर्गात कोणी त्याकडे बघतसुद्धा नाही.

मावशी : तो पुस्तकात आला कसा, हे मुलांना सांग, मग बघतील. जपानमध्ये १९९४ मध्ये डेन्सो वेव्ह या कंपनीत मासाहिरो हारा यांनी तो मोटारींच्या सुट्या भागांची नोंद ठेवायला तयार केला. तीन कोपऱ्यांतले तीन चौकोन कॅमेऱ्याला दिशा सांगतात, म्हणून पुस्तक उलटं धरलं तरी चालतं. आणि माहिती आत अशा रीतीने भरलेली असते, की थोडा भाग पुसला तरी उरलेल्यावरून हिशेब लागतो. दुरुस्तीची पातळी सगळ्यात वरची ठेवली तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी तो वाचता येतो.

मी : आणि त्यापेक्षा जास्त फाटला तर? आमच्याकडची पुस्तकं मागच्या वर्षीच्या मुलांकडून आलेली आहेत.

मावशी : कोडच्या जवळ सहा अक्षर-अंकांचा एक संकेत छापलेला असतो. दीक्षा ॲपमध्ये तोच हाताने टाकायचा. व्हिडिओ त्या ठिपक्यांत नसतो, तिथे फक्त हा संकेत असतो. म्हणून पुस्तक तेच राहतं आणि त्यामागचं साहित्य बदलता येतं. दीक्षा २०१७ च्या शिक्षकदिनी सुरू झालं. त्यातला धडा तालुक्याला गेलीस तेव्हा उतरवून घे, शाळेत रेंज नसली तरी चालेल.

मी : डिसले गुरुजींनी हेच केलं होतं ना?

मावशी : रणजितसिंह डिसले. माढा तालुक्यातल्या पारितेवाडीत २००९ मध्ये रुजू झाले तेव्हा शाळेची जागा गोठ्याशेजारी होती. त्यांनी आपल्या वर्गाच्या पुस्तकांना क्यूआर कोड जोडले, ही कल्पना पुढे राज्यभरच्या पुस्तकांत आली. ३ डिसेंबर २०२० ला त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं, दहा लाख डॉलरचं, आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांत वाटली. हे सगळ्यांना माहीत असतं. मला त्यांच्या कामातलं वेगळंच मोलाचं वाटतं. त्यांनी आपल्या मुलांना व्हिडिओ कॉलवर इतर देशांतल्या मुलांशी बोलायला बसवलं. दोन्हीकडून मुलं बोलतात, हे त्यात आहे.

मी : आम्ही एकदा तसा प्रयत्न केला. नुसता घुमल्यासारखा आवाज, शेवटी बंद केलं.

मावशी : एका खोलीत दोन यंत्रं जोडलेली असणार. एकाच्या स्पीकरचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो, तो फिरून परत स्पीकरवर येतो, आणि हे वाढतच जातं. एका खोलीत माइक एकच चालू ठेव, बाकीची यंत्रं गप्प. आणि कॉलआधी आठवडाभर तयारी कर. कोकणातल्या किनाऱ्यावरची शाळा धर. आपल्या मुलांनी प्रश्न चिठ्ठीवर लिहायचे, ज्याची चिठ्ठी त्यानेच विचारायची. तिकडून विचारतील, ‘तुमच्याकडे भात कधी लावतात?’ त्याचं उत्तर बाईंनी द्यायचं नाही. कितीही वेळ शांतता राहिली तरी नाही. शिक्षकाला हेच सगळ्यात जड जातं.

मी : कोविडमध्ये तू अजून नोकरीत होतीस. तेव्हा कसं केलंस?

मावशी : मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या. ज्यांच्याकडे टीव्ही होता त्यांच्यासाठी जुलैत सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ सुरू झाली. इंटरनेट लागत नव्हतं, म्हणून ती खेड्यांत पोचली. पण मला माझ्या मुलांचं वाचन ऐकायचं होतं. व्हिडिओ कॉल आमच्या डोंगरात टिकत नसे. मिनिटभर आवाज काही शे केबीत मावतो आणि तेवढाच व्हिडिओ कित्येक एमबी खातो, हे लक्षात आल्यावर मी व्हिडिओचा नाद सोडला. एक परिच्छेद वाचून आवाज पाठवा, एवढंच सांगितलं.

मी : पाठवायची मुलं?

मावशी : तिसरीतली एक मुलगी वर्गात कधी मोठ्याने वाचत नसे. उभं केलं की मान खाली. तिचा आवाज आला. मागे कुकरची शिट्टी, कोंबडीचा कलकलाट. प्रत्येक जोडाक्षराआधी ती थबकत होती. ‘प्रकाश’च्या आधी एक श्वास, मग ‘प’, मग हळूच ‘प्रकाश’. आजी शेजारून म्हणाली, ‘अगं, पुन्हा म्हण की.’ तिने पुन्हा म्हटलं, या वेळी न थांबता. त्या एका मिनिटात मला कळलं की हिला अक्षरं येतात, जोडाक्षर फोडताना भीती वाटते. दोन वर्षं ती माझ्यासमोर बसत होती, पण असं तिचं वाचन कानावर पडलं नव्हतं. मी तिला आवाजातच उत्तर पाठवलं, फक्त जोडाक्षरांचे पाच शब्द, सावकाश म्हणून.

मी : बाकीच्या मुलांसमोर वाचायचं नव्हतं, म्हणून ती मोकळी झाली.

मावशी : आणि आवडेपर्यंत पुन्हा वाचता येत होतं. शाळा सुरू झाल्यावरही मी हे चालू ठेवलं. लाजरी मुलं आधी फोनवर वाचायची, मग हळूहळू वर्गात.

मी : माझ्या फोनवर मात्र वेगळंच चालतं. उपक्रम झाला की फोटो टाका, लिंक भरा, संध्याकाळपर्यंत माहिती द्या. वर्गावर कमी आणि फोनवर जास्त वेळ जातो.

मावशी : माहिती मागण्यात गैर काही नाही, मुलाची नोंद राज्याकडे हवीच. पण फोटोत मुलं ओळीत बसलेली दिसतात, ती शिकली का ते दिसत नाही. हे मी बैठकांत सांगत आले, तूही सांग. सगळ्या माहितीला ठरावीक वेळ दे, शाळा सुटल्यावरची. आणि मुलांचे चेहरे सरसकट ग्रुपांवर टाकू नकोस. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती हवी असं म्हटलंय. कायदा नसता तरी आईला विचारायलाच हवं होतं.

मी : बरं, मग सोमवारी काय करू?

मावशी : टीव्ही राहू दे भिंतीवर. एक वही घे आणि प्रत्येक मुलाच्या नावापुढे लिही, घरातला फोन कोणाचा आणि तो घरी किती वाजता येतो. बहुतेक घरांत तो बापाबरोबर कामावर जातो. दुपारी दोनला पाठवलेला अभ्यास कोण बघणार?

मी : आणि ज्यांच्या घरी फोनच नाही?

मावशी : त्यांचा आवाज शाळेच्या टॅबवर, मधल्या सुट्टीत, व्हरांड्यात बसून. त्यांची नावं वहीत सगळ्यात वर लिही आणि वाचन त्यांचंच आधी ऐक.